कुलूप कुणाचे, किल्ली कुणाकडे?

हप्त्यांवर घेतलेला मोबाइल हातात असतो, खिशात असतो, उशाशी असतो. पण तो आपला असतो का? अमेरिकेत हा प्रश्न गेली अनेक वर्षे गाजतो आहे. आता वेगळ्या वाटेने तो आपल्याही उंबरठ्याशी येऊन थांबला आहे. हप्ता, कुलूप आणि मालकी यांच्या या नव्या हिशेबाविषयी–

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांची पहिली पाने चाळली, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. मोबाइलच्या जाहिरातीत किंमत शोधावी लागते. ठळक अक्षरांत असतो तो महिन्याचा हप्ता. किंमत कुठेतरी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या टाइपात. एकेकाळी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढले, की ‘केवढ्याला?’ असे विचारत असे. आता ते विचारते, ‘महिन्याला किती बसेल?’ प्रश्न बदलला, की उत्तरही बदलते. पन्नास हजारांचा मोबाइल महाग वाटतो. महिना अडीच हजार म्हटले, की तोच आवाक्यातला वाटू लागतो. मधल्या काळात मोबाइल स्वस्त झालेला नसतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही.

हप्त्याने वस्तू घेणे यात वाईट काही नाही. मध्यमवर्गाचा निम्मा संसार हप्त्यांवरच उभा राहिला आहे. माझ्या बँकेतल्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रंगीत टीव्हीसाठी, फ्रिजसाठी, स्कूटरसाठी कर्ज मागायला माणसे येत. वरची रक्कम स्वतःची, एक जामीनदार, पगाराचा दाखला, सह्यांनी भरलेले कागद. कर्ज मिळायला पंधरा दिवस लागत. त्या पंधरा दिवसांत निम्म्या लोकांना वस्तूची खरी किंमत पाठ झालेली असे, आणि काहींना तिची गरज नाही असेही उमगलेले असे. आज मोबाइलचे कर्ज दुकानाच्या काउंटरवर दहा मिनिटांत मंजूर होते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण विचार करण्याचे ते पंधरा दिवस या सोयीतच खर्ची पडले.

असो. आज बोलायचे आहे ते हप्त्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीविषयी. ती गोष्ट म्हणजे कुलूप.

१९९ डॉलरचे कोडे

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत झाली. जुलै २००८मध्ये ‘ॲपल’ कंपनीने ‘आयफोन थ्री-जी’ बाजारात आणला तेव्हा तिथे त्याची किंमत होती १९९ डॉलर. त्याच वर्षी २२ ऑगस्टला तो ‘एअरटेल’ आणि ‘व्होडाफोन’ यांच्यामार्फत भारतात आला, तो ३१ हजार रुपयांना. डॉलर त्या वेळी ४३ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे अमेरिकेत साडेआठ हजारांची वस्तू आपल्याकडे ३१ हजारांना! आपल्याला लुटले जात आहे, अशी अनेकांची भावना झाली आणि ती स्वाभाविकही होती.

कोडे तसे सोपे होते. अमेरिकन माणूस १९९ डॉलर देई, तेव्हाच तो ‘एटी अँड टी’ या दूरध्वनी कंपनीशी दोन वर्षांचा करार करी. फोनची उरलेली किंमत कंपनी ॲपलला स्वतःच्या पदरची देई आणि दरमहाच्या बिलातून ग्राहकाकडून वसूल करी. दोन वर्षांच्या आत करार मोडला तर दंड. आणि एवढ्यावरही भरवसा नको, म्हणून फोनला कुलूप. त्यात दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घातले तर फोन ते ओळखतच नसे. या व्यवहारात ग्राहकाला एकच गोष्ट कधी कळत नसे. ती म्हणजे बिलातली किती रक्कम बोलण्याची आणि किती फोनची. दोन वर्षे संपून फोन फिटला, तरी बिल तेवढेच येत राही.

२०१३मध्ये हे चित्र पालटले. ‘टी-मोबाइल’ या तुलनेने लहान कंपनीने करारपद्धत मोडीत काढली. सेवेचे पैसे वेगळे, फोनचे हप्ते वेगळे, असा स्वच्छ हिशेब तिने मांडला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिने ‘जंप’ नावाची योजना आणली. दरमहा १० डॉलर जादा भरा. सहा महिन्यांनंतर वर्षातून दोनदा जुना फोन परत द्या आणि नवा घ्या. पाठोपाठ एटी अँड टीची ‘नेक्स्ट’ आणि ‘व्हेरायझन’ची ‘एज’ या योजना आल्या. सप्टेंबर २०१५मध्ये खुद्द ॲपलने आपली योजना काढली. तिच्यात २४ हप्ते होते, कर्ज सिटिझन्स बँकेचे होते आणि बारा हप्ते भरले, की जुना फोन देऊन नवा घेण्याची मुभा होती. नव्या फोनबरोबर हप्ते अर्थातच पहिल्यापासून सुरू.

म्हणजे हा हप्ता कधी फिटतच नाही. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे समाधान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातली गोम कळेल. इथे शेवटचा हप्ता असा नसतोच. फोन विकत घेतल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो भाड्याने घेतलेला असतो. भाडेकरू असण्यात कमीपणा काही नाही. पण आपण भाडेकरू आहोत हे भाडेकरूला ठाऊक असावे, एवढे तरी खरे.

सवलतही हप्त्याने

काळ पुढे सरकला तसे फोन महागले आणि हप्ते लांबले. एटी अँड टी आणि व्हेरायझन या दोन मोठ्या कंपन्या पुढे छत्तीस हप्त्यांवर आल्या. त्याचबरोबर ‘फोन जवळजवळ फुकट’ अशा योजनांची रेलचेल झाली. त्यांचे गणित वरवर साधे आहे. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसालाही दोनदा वाचावे लागते.

समजा, फोनची किंमत ९०० डॉलर आहे. छत्तीस महिने दरमहा २५ डॉलरचा हप्ता. कंपनी तुमचा जुना फोन घेते आणि ७२० डॉलरची सवलत जाहीर करते. ही सवलत एकरकमी मिळत नाही. दरमहा २० डॉलर अशी बिलात जमा होते. म्हणजे तुमच्या खिशातून महिन्याला फक्त पाच डॉलर जातात. तीन वर्षांत एकूण १८० डॉलर. सौदा उत्तम!

आता समजा, चौदा महिन्यांनी नोकरीनिमित्त गाव बदलले. नव्या गावी या कंपनीचा संपर्क धड लागत नाही, म्हणून तुम्ही दुसरी कंपनी पाहता. त्या क्षणी उरलेले बावीस हप्ते, म्हणजे ५५० डॉलर, एकदम देय होतात. आणि उरलेली ४४० डॉलरची सवलत बुडते. आधी भरलेले ७० डॉलर धरून त्या फोनला तुम्ही ६२० डॉलर मोजलेले असतात. जुना फोन गेला तो गेलाच. पूर्वीच्या करारात बाहेर पडण्याचा दंड असे आणि त्याला दंडच म्हणत. आता दंड नाही. सवलत थांबते, इतकेच. शब्द बदलला, परिणाम तोच राहिला.

अमेरिकेत २४ नोव्हेंबर २००३पासून मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. आपल्याकडे ही सोय नोव्हेंबर २०१०मध्ये हरियाणात सुरू झाली आणि जानेवारी २०११मध्ये देशभर आली. क्रमांक मोकळा झाला, तेव्हा ग्राहक मोकळा झाला असे सर्वांना वाटले. पण क्रमांकाची बेडी तुटली तरी फोनची राहिली.

कुलूप आणि कायदा

या कुलपाची कायदेशीर कथाही मोठी विलक्षण आहे. अमेरिकेत फोनचे कुलूप काढणे हा प्रश्न कोणत्या कायद्याखाली येत असावा? ग्राहक संरक्षण? दूरसंचार? छे! तो आला कॉपीराइटच्या कायद्याखाली. कुलूप म्हणजे फोनमधली संगणकीय आज्ञावली. तिला वळसा घालणे हा स्वामित्वहक्काचा भंग, असा युक्तिवाद होता. त्यातून सूट द्यायची की नाही हे दर तीन वर्षांनी ठरवायचे कुणी, तर ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या ग्रंथपालांनी! २०१२मध्ये नव्या फोनांसाठी ही सूट पुढे चालू ठेवायची नाही असे ठरले, आणि जानेवारी २०१३नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीवाचून काढणे बेकायदा झाले. पैसे पूर्ण फिटलेले असले तरीही.

लोक संतापले. व्हाइट हाउसकडे पाठवलेल्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. अखेर अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी त्यावर सही केली. कुलूप काढण्याचा हक्क ग्राहकाला परत मिळाला. मात्र ते काढून देण्याची अट म्हणून साधारणपणे हप्ते पूर्ण फिटलेले असावे लागतात, हे कायम राहिले.

व्हेरायझनची कथा थोडी निराळी. २००८मध्ये सरकारने लिलावात काढलेल्या काही ध्वनिलहरी तिने घेतल्या, तेव्हा अटच होती, की त्या लहरींवर चालणारे फोन मोकळे असले पाहिजेत. पुढे चोरी आणि फसवणुकीचे कारण सांगून तिने सवलत मागितली. २०१९मध्ये दूरसंचार आयोगाने साठ दिवस कुलूप ठेवण्याची मुभा दिली. २०२४मध्ये आयोगाने हा साठ दिवसांचा नियम सगळ्याच कंपन्यांना लावावा असा प्रस्ताव मांडला. आणि २०२५मध्ये व्हेरायझनने अर्ज केला, की आम्हाला या साठ दिवसांच्या बंधनातूनच सोडवा. कुलूप घालणाऱ्याला कुलूप नेहमी थोडे आणखी हवे असते.

पण सगळ्या जगाने हीच वाट धरली, असे नाही. कॅनडाने १ डिसेंबर २०१७पासून कुलूप काढण्याचे शुल्क बंद केले आणि नवे फोन मोकळेच विकले पाहिजेत असा नियम केला. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१पासून कुलूपबंद फोन विकायला बंदी आहे. तिथल्या कंपन्या बुडाल्या नाहीत. फोन हप्त्यावर मिळायचेही थांबले नाहीत. कुलपाशिवाय हप्ता शक्य नाही, हे म्हणणे म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

कुर्डुवाडीचा फलाट

कुलूप निघाले म्हणजे फोन सर्वत्र चालेल, असाही एक समज आहे. तो अर्धाच खरा.

पंढरपूरला रेल्वेने जाणाऱ्या जुन्या मंडळींना कुर्डुवाडी आठवत असेल. मुंबईहून रुंद रुळांवरून आलेली गाडी तिथे सोडायची, बोचकी उचलायची आणि बार्शी लाइटच्या अरुंद रुळांवरच्या गाडीत बसायचे. तिकीट खरे होते, प्रवाशाला कुणी अडवत नव्हते. पण या रुळांवरचा डबा त्या रुळांवर जात नव्हता. मोबाइलचे असेच आहे. कुलूप हा झाला फाटकावरचा पहारेकरी. तो हटला तरी रूळ जुळावे लागतात.

अमेरिकेत कित्येक वर्षे दोन मापांचे रूळ होते. एटी अँड टी आणि टी-मोबाइल जीएसएम पद्धतीवर, तर व्हेरायझन आणि स्प्रिंट सीडीएमए पद्धतीवर. एकीचा मोकळा फोनदेखील दुसरीकडे सहसा निरुपयोगी. फोर-जी आल्यावर पद्धत एक झाली. पण प्रत्येक कंपनीच्या लहरींचे पट्टे वेगळे राहिले. त्यातून २०२२ साली तिथल्या थ्री-जी सेवा बंद झाल्या. एटी अँड टीने फेब्रुवारीत आपली सेवा बंद केली, तेव्हा चालू शकणाऱ्या मॉडेलांची यादीच प्रसिद्ध केली. फोन फोर-जी असला, मोकळा असला, पण यादीत नसला, तर त्यावरून बोलणे होईना. कारण फोर-जीवर आवाज वाहून नेण्याची जी पद्धत आहे, ती प्रत्येक कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी तपासून मान्य करते. आपल्याला हे नवीन नाही. सप्टेंबर २०१६मध्ये ‘जिओ’ सुरू झाली तेव्हा तिच्याकडे टू-जी, थ्री-जी नव्हतेच. त्यामुळे चांगल्या चालत्या फोनमध्ये जिओचे कार्ड घातले, तर इंटरनेट चाले, पण साधा फोन लावायला वेगळे ॲप घ्यावे लागे.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-नागपूरच्या अनेक घरांना याच्याशी थेट कर्तव्य आहे. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात असते. सुट्टीत येताना आईवडिलांसाठी फोन आणते. तो फोन तिथल्या कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला असेल आणि हप्ते चालू असतील, तर इथले सिमकार्ड तो बहुधा स्वीकारणार नाही. म्हणून फोन सामानात भरण्यापूर्वीच तपासावा. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अबाउट’ या वाटेने गेले, की ‘कॅरियर लॉक’ अशी ओळ दिसते. तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असेल तर फोन मोकळा. दुसरे म्हणजे, सप्टेंबर २०२२पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनांना, आयफोन १४पासून, सिमकार्डाची खाचच नसते; ई-सिम घ्यावे लागते. ते इथल्या मोठ्या कंपन्या देतात, पण आजोबांना शेजाऱ्याच्या फोनमध्ये कार्ड घालून पाहण्याची सवय असेल, तर ती सोडावी लागेल. जुना फोन विकत घेणाऱ्यांनी तर *#०६# दाबून त्याचा पंधरा आकडी क्रमांक घ्यावा आणि सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तो चोरीचा वा काळ्या यादीतला नाही ना, हे पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

आपल्याकडचे कुलूप

आपल्याकडे दूरध्वनी कंपनीचे कुलूप फारसे रुजले नाही. प्रयत्न झाले. २००३च्या पावसाळ्यात ‘रिलायन्स इन्फोकॉम’ने ५०१ रुपये भरून फोन देण्याची ‘मान्सून हंगामा’ योजना आणली, तेव्हा रांगा लागल्या होत्या. ते फोन सीडीएमएचे. त्यांत काढता येईल असे कार्डच नव्हते; फोन आणि कंपनी यांची जन्मगाठ. उरलेले पैसे दरमहा द्यायचे होते. कित्येकांनी ते दिले नाहीत आणि कंपनीला थकबाकीने जेरीस आणले. २०१७चा ‘जिओफोन’ दीड हजार रुपये अनामतीवर मिळे. तीन वर्षांनी ती परत करण्याचे वचन होते. त्यातही जिओखेरीज दुसरे कार्ड चालत नसे.

पण हे अपवाद. आपल्याकडचे नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक आधी पैसे भरून मग बोलणारे, म्हणजे प्रीपेड. फोन एका दुकानातून, कार्ड दुसऱ्या दुकानातून, आणि स्वस्त पडेल त्या कंपनीकडे धाव. त्यामुळे भारतीय ग्राहक या बाबतीत अमेरिकन ग्राहकापेक्षा अधिक मोकळा राहिला.

कुलूप आता येते आहे ते दुसऱ्या दाराने. कुलूप घालणारा दूरध्वनी कंपनीचा माणूस नाही. तो आहे कर्ज देणारा.

मोबाइलसाठी लहान रकमेचे कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था आज गावोगावी पोचल्या आहेत. त्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांविषयी आधी दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुणीतरी देतच असते. समजा, रोख घेणाऱ्याला जो फोन २८ हजारांना मिळतो, तो ‘बिनव्याजी’ हप्त्यांवर ३० हजारांना, दरमहा ३ हजारांचे दहा हप्ते असा मिळाला. त्या दोन हजारांचा हिशेब मांडला तर व्याजदर वर्षाला पंधरा टक्क्यांच्या वर जातो. त्यात पाचशे रुपये प्रक्रिया शुल्क धरले, तर तो एकोणीस टक्के ओलांडतो. ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने ग्राहकाला एक तथ्यपत्रक द्यावे लागते. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, हे त्यात लिहिलेले असते. काउंटरवर उभे राहून ते पत्रक मागणारे किती?

आता कुलूप. हप्ता थकला, की दुरूनच फोन बंद पाडायची सोय करणारे ॲप फोन देतानाच त्यात घातले जाऊ लागले. २०२४मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांना हा प्रकार थांबवायला सांगितले, आणि २०२५मध्ये मात्र काही अटींवर त्याला परवानगी देण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेनेही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तपासल्या जात असल्याचे सांगितले.

नजरगहाणाच्या पलीकडे

तारणाचे दोन प्रकार बँकेत रुजू होताना आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले गेले. सोन्याचे दागिने बँकेच्या तिजोरीत, ते कब्जेगहाण. ट्रक, ट्रॅक्टर, यंत्र कर्जदाराकडेच राहते, तो ते वापरतो, कमावतो आणि कर्ज फेडतो, ते नजरगहाण. नजरगहाणात वस्तू ताब्यात घ्यायची झाली, तर नोटीस द्यावी लागते, रीतसर मार्गाने जावे लागते. वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, हे २००७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या बँकेच्या प्रकरणात खडसावून सांगितले आहे.

कुलूप घातलेला मोबाइल या दोन्ही प्रकारांत बसत नाही. वस्तू कर्जदाराच्या हातात आणि तरी ती त्याच्या ताब्यात नाही. नोटीस, पंच, जप्ती यांपैकी काही न करता, कुणा अधिकाऱ्याने सहीसुद्धा न करता, एका कळीने ती निर्जीव होते. याला ‘कुलूपगहाण’ म्हणावे लागेल. आपल्या कायद्याच्या पुस्तकांना हा प्रकार अजून अनोळखी आहे.

कर्जदात्यांची बाजूही ऐकायला हवी. ज्याच्याकडे पगाराचा दाखला नाही, जामीनदार नाही, सातबारा नाही, अशा माणसाला पंधरा हजारांचे कर्ज कुणी द्यायचे आणि कशाच्या भरवशावर? वसुलीला माणूस पाठवायचा तर त्याचा खर्च हप्त्याहून जास्त. कुलूप शिवीगाळ करत नाही, रात्री-बेरात्री दार ठोठावत नाही, शेजाऱ्यांसमोर अब्रू काढत नाही. कुलूप नाकारले, तर दर वाढतील किंवा गरिबाला कर्जच मिळणार नाही, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. थकीत कर्जांच्या याद्या मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. बुडवणारे त्यात असतात आणि अडलेलेही असतात. कुलपाला मात्र या दोघांतला फरक कळत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. मोबाइल ही टीव्हीसारखी वस्तू राहिलेली नाही. २०१६मध्ये यूपीआय आले आणि भाजीवालीचा गल्ला मोबाइलमध्ये गेला. रिक्षावाल्याचे भाडे, घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोराची रोजची कामे, बँकेचा ओटीपी, मुलांच्या शाळेचा निरोप, दवाखान्याची वेळ, सारे तिथेच. टीव्ही उचलून नेला तर घर थोडे शांत होते. मोबाइल बंद केला तर कमाई बंद होते. आणि कमाई बंद झाल्यावर हप्ता भरायचा कशातून?

दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम या संदर्भात वाचण्यासारखे आहे. १९०८चा, इंग्रजांच्या अमदानीतला हा कायदा. कर्जवसुलीच्या हुकूमनाम्यातसुद्धा काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, असे तो सांगतो. ऋणकोचे आणि त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. त्याआधी तेहेतीस वर्षे, १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले होते आणि त्यांत सावकारांकडचे कर्जरोखे जाळले गेले होते. माणसाला कर्जात इतके रुतवू नये, की त्याला पुन्हा उभेच राहता येणार नाही, हे शहाणपण राज्यकर्त्यांना तशा अनुभवांतून आले.

कायदेपंडित म्हणतील, की हे कलम हुकूमनाम्याच्या जप्तीला लागू आहे; ज्या वस्तूसाठीच कर्ज काढले आणि जी तारण दिली, तिची गोष्ट वेगळी. मान्य. शब्दाने ते कलम इथे लागू होत नाही. पण त्यामागचा विचार का होऊ नये? सुताराचा रंधा आणि शेतकऱ्याचा नांगर ज्या कारणासाठी वाचवला, त्याच कारणासाठी आजच्या रिक्षावाल्याचा मोबाइल थोडा तरी वाचवायला हवा.

किल्लीचे नियम

कुलूप नकोच, असे म्हणून प्रश्न सुटणार नाही. कुलूप राहणार असेल, तर किल्लीचे नियम हवेत. हप्ता थकल्या दिवशी फोन बंद पडता कामा नये. मराठीत, ग्राहकाला कळेल अशा शब्दांत पूर्वसूचना द्यावी आणि पुरेसे दिवस द्यावेत. बंद पडलेल्या फोनवरूनही ११२ क्रमांक लागला पाहिजे, येणारे फोन घेता आले पाहिजेत आणि हप्ता भरण्यापुरता तरी व्यवहार करता आला पाहिजे. कुलूप घालणाऱ्या ॲपला फोनमधले फोटो, संदेश, नावे-क्रमांक पाहण्याचा अधिकार असू नये. आजारपण, नोकरी जाणे अशा कारणांसाठी बोलायला एखादा हाडामांसाचा माणूस असावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, शेवटचा हप्ता भरल्यावर कुलूप आपोआप निघाले पाहिजे. गाडीचे कर्ज फिटले, की बँकेचे पत्र आणि पस्तीस नंबरचा फॉर्म घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो, हे वाहनधारकांना ठाऊक आहे. घराचे कागद फेडीनंतर तीस दिवसांत परत केले नाहीत, तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागेल, असा नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३मध्ये केला. घराला जो न्याय, तो फोनला का नाही? इथे तर कागदही शोधायचा नाही. एक कळ दाबायची आहे.

राहता राहिला आपला, घरातल्यांचा भाग. फोन दर वर्षी बदलण्याची गरज खरोखर कुणाची, हा प्रश्न एकदा जेवणाच्या टेबलावर यायला हवा. २०२३मध्ये गुगलने आपल्या ‘पिक्सेल ८’ला आणि २०२४मध्ये सॅमसंगने आपल्या ‘एस २४’ला सात वर्षे नवी आज्ञावली पुरवण्याचे वचन दिले. कंपनीच सांगते, की वस्तू सात वर्षे सांभाळू. आणि जाहिरात सांगते, की बारा महिन्यांनी बदला. दोन्ही एकाच दुकानात ऐकू येते.

तेव्हा या दिवाळीला नवा फोन घ्यायला दुकानात जाल, तेव्हा ‘महिन्याला किती?’ हा प्रश्न जरूर विचारा. पण शेवटी विचारा. त्याआधी रोखीची किंमत विचारा. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, ते विचारा. मध्येच सगळे पैसे भरून मोकळे व्हायचे असेल, तर काय, ते विचारा. फोनला कुलूप आहे का, ते कोण घालू शकतो आणि कधी काढणार, हे विचारा, आणि उत्तर कागदावर मागा. काउंटरमागचा मुलगा थोडा गोंधळेल. आजवर हे त्याला फारसे कुणी विचारलेले नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो उत्तर तयार ठेवील.